पंच की पाठीराखा?

चामराजपेटेच्या पूर्व कडेला, कृष्णराजेंद्र रस्त्याच्या वर्दळीत, बेंगळूरच्या जुन्या किल्ल्याचा उरलेला तुकडा उभा आहे. भिंतीत एक दगडी पाटी बसवली आहे. २१ मार्च १७९१ रोजी याच खिंडारातून इंग्रज फौजेने हल्ला केला, एवढीच तिच्यावर नोंद. जवळच टिपूचा सागवानी महाल आहे. हैदरअलीने तो बांधायला घेतला आणि टिपूच्या हातून तो पुरा झाला त्याच १७९१ साली. महालाच्या लाकडावर ‘रश्क-ए-जन्नत’ अशी अक्षरे कोरलेली आहेत.

पाटीवर नाव एकट्या इंग्रजांचे असले, तरी टिपूविरुद्धचे हे युद्ध तिघांचे होते. १ जून १७९० रोजी पुण्यात ईस्ट इंडिया कंपनी आणि पेशवे यांचा तह झाला, जुलैत निजामाचा झाला, आणि जिंकलेल्या मुलखाचे तिघांत सारखे वाटे ठरले. किल्ला पडला त्या रात्री मराठी सरदार परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात गुंतले होते आणि हरिपंत फडके अजून वाटेवर होते. पण ज्याच्या बळावर गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस म्हैसूरच्या मुलखात इतका आत शिरला, त्या करारावर पुण्याची मोहर होती.

मित्र आणि त्याचा वैरी भांडत असताना बलाढ्य सत्तेने काय करावे? मधे बसून दोघांचे ऐकावे, की मित्रामागे उभे राहावे? आज हा प्रश्न वॉशिंग्टनला, मॉस्कोला, कधी दिल्लीला विचारला जातो. १७७५ ते १८१७ या चाळीसेक वर्षांत तो पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण आणि कलकत्ता या चार दरबारांना सतत पडत होता, आणि त्याची बहुतेक सगळी उत्तरे तिथे करून पाहिली गेली. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून काढलेला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’, सरदेसायांची ‘मराठी रियासत’, सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांच्या देखरेखीखाली छापलेला पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार, इतकी सामग्री घरात असताना आपण या प्रश्नाची चर्चा फक्त परक्या उदाहरणांवर करतो, याचे मला वाईट वाटते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मध्यस्थ तटस्थ आहे की नाही, यावर फारसे काही अवलंबून नसते. तो आपल्या मित्राला आवरू शकतो का, आवरायची त्याची तयारी आहे का, आणि काम झाल्यावर तो खुर्ची सोडणार का, या तीन गोष्टींवर सगळे ठरते. या चाळीस वर्षांचा इतिहास वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसते.

पाठीराखेपणाचे पहिले मोठे उदाहरण कंपनीचेच. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला. साष्टी-वसईच्या मोबदल्यात त्यांना पेशवाईवर बसवून देण्याचा तो सौदा होता. त्यातून जे युद्ध पेटले ते सात वर्षे चालले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईच्या फौजेला शरणागती पत्करावी लागली. आणि १७ मे १७८२ रोजी सालबाईला तह झाला तेव्हा कंपनीने रघुनाथरावांचा पक्षच सोडला. त्यांच्या वाट्याला दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक आली. पुढच्याच वर्षी कोपरगावला ते वारले. साष्टी मात्र कंपनीकडे राहिली. पाठीराख्याने मित्राच्या नावाने लढाई केली, मित्र टाकून दिला आणि मुलूख ठेवून घेतला.

सालबाईच्या तहाला दुसरीही बाजू आहे आणि ती आपल्याला जास्त टोचणारी आहे. १७८० मध्ये नाना फडणविसांनी हैदरअलीला इंग्रजांविरुद्धच्या फळीत ओढले होते. सालबाईच्या कलमांत पेशव्यांनी कबूल केले ते असे की, हैदराने कर्नाटकात घेतलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा यासाठी त्याच्यावर दाब आणू. कालचा मित्र तहाच्या कागदावर अडचण होऊन बसला. नानांना हे मनापासून नको होते. त्यांनी तहाला मंजुरी द्यायला महिने लावले. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला आणि मग ती मंजुरी निघाली.

त्या तहाची घडण मात्र अभ्यासण्यासारखी आहे. मध्यस्थ होते महादजी शिंदे. ते तटस्थ नव्हते. इंग्रजांशी लढलेले, ग्वाल्हेरचा किल्ला गमावलेले सरदार होते. तरीही दोन्ही पक्षांनी त्यांनाच जामीन केले. जो तह मोडील त्याला महादजींनी आवरावे, असे कलम घातले गेले. इंग्रजांना हा माणूस पुण्याला आवरू शकेल असे वाटले, पुण्याला तो इंग्रजांना तोंड देऊ शकेल असे वाटले. निष्पक्षपातीपणाची अपेक्षा त्यांच्याकडून कोणी केली नव्हती. महादजींनी यात स्वतःचे उत्तरेतले राजकारण साधून घेतले हे खरेच आहे, पण इंग्रज-मराठ्यांतली ती शांतता वीस वर्षे टिकली, हेही तितकेच खरे.

आता म्हैसूरकडे. नरगुंदचे संस्थानिक व्यंकटराव भावे म्हैसूरला खंडणी देत आणि नजर पुण्याकडे ठेवून असत. टिपूने खंडणी वाढवून मागितली तेव्हा पुण्याने त्यांची बाजू घेतली. मदत पोचायला मात्र उशीर झाला आणि १७८५ मध्ये नरगुंद पडले. मग पेशवे आणि निजाम मिळून टिपूवर चालून गेले. एप्रिल १७८७ मध्ये गजेंद्रगडला तह झाला. त्यात मध्यस्थी होती तुकोजी होळकर आणि गंगाधरराव रास्ते यांची. दोघेही मराठ्यांच्याच गोटातले, पण टिपूचा त्यांच्याशी बोलण्याचा रस्ता खुला होता. बदामी, नरगुंद, कित्तूर परत आले, पैसा ठरला. कंपनी या भानगडीतून बाहेर राहिली. हंगामी गव्हर्नर जनरल मॅक्फर्सनने मराठ्यांना काही पलटणी देण्याचे बोलून ठेवले होते. नव्याने आलेल्या कॉर्नवॉलिसने ते बोलणे मागे घेतले. पुण्याने ही गोष्ट लक्षात ठेवली.

डिसेंबर १७८९ मध्ये टिपू त्रावणकोरच्या तटबंदीवर चालून गेला. त्रावणकोरचा राजा कंपनीचा मित्र, १७८४ च्या मंगळूर तहात तसे नाव घालून. मद्रासचा गव्हर्नर हॉलंड चालढकल करत राहिला. कॉर्नवॉलिसने मात्र या वेळी ठरवले की, मित्राला वाऱ्यावर सोडले तर पुढे हिंदुस्थानात कंपनीच्या शब्दाला कोणी किंमत देणार नाही. त्यातून तिसरे म्हैसूर युद्ध झाले.

मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत पोचला. अरकेरेची लढाई त्याने जिंकली, पण बैल मेले, धान्य संपले, पाऊस सुरू झाला. वेढ्याच्या अवजड तोफा फोडून त्याला माघारी फिरावे लागले. त्या परतीच्या वाटेवर मेलकोट्याजवळ हरिपंत आणि परशुरामभाऊ यांच्या फौजा अचानक भेटल्या. मराठ्यांच्या छावणीबरोबर चालणारा बाजार इंग्रज सैनिकांनी अवाक होऊन पाहिला. धान्य, कापड, चैनीच्या वस्तू, सगळे होते, फक्त भाव चढे. उपाशी पलटणींनी ते देऊन खरेदी केली.

पण त्याच मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली. पुनःस्थापनेसाठी पैसा आणि सामान पाठवले ते टिपूने. शृंगेरीच्या स्वामींना त्याने लिहिलेली पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख नरसिंहाचार यांना मठात सापडली. मित्राच्या बाजूने मैदानात उतरलेल्या सत्तेला स्वतःच्या फौजेने केलेल्या प्रत्येक गोष्टीचे उत्तर द्यावे लागते. शृंगेरीचा डाग पुण्याच्या माथी कायमचा राहिला, आणि तो पुसता येणार नाही हे मराठी लेखकांनी मोकळेपणाने मानायला हवे.

फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणाला पुन्हा वेढा पडला. टिपूचे वकील छावणीत आले. कंपनीच्या वतीने केनवे बसला, निजामाच्या वतीने मीर आलम. हरिपंत पहिल्यापासून तहाच्या बाजूचे होते. टिपूला चेपावा पण बुडवू नये, कारण तो बुडाला तर इंग्रजांसमोर दक्षिणेत कोणी उरणार नाही, हे नानांचे धोरण होते. विजय हाताशी असताना तो अर्ध्यावर थांबवणे म्हणजे आपल्याच मित्राचा हात धरणे. कॉर्नवॉलिसलाही तेव्हा तह हवा होता, म्हणून हे जमले. पण त्याच वाटाघाटीत त्याने कोडगूचा प्रश्न काढला. कोडगूचा वीरराज युद्धात कंपनीला उपयोगी पडला होता. त्याचा मुलूख टिपूकडे राहिला तर टिपू त्याचा सूड घेईल, म्हणून कोडगू आपल्याकडे यावे असा हट्ट कॉर्नवॉलिसने धरला. टिपू खवळला, तह मोडतो की काय अशी वेळ आली, वेढ्याचे काम पुन्हा सुरू झाले. शेवटी टिपू वाकला. निम्मे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि दोन मुलगे ओलीस, या अटींवर १८ मार्चला तह पक्का झाला.

एकाच तंबूत दोन प्रकारचे पाठीराखे बसले होते. एक दूरच्या छोट्या मित्राचे रक्षण तहात लिहून घेत होता, दुसरा जवळच्या मोठ्या मित्राच्या विजयाला लगाम घालत होता. मला दोघेही योग्य वाटतात. फरक एवढाच की, कॉर्नवॉलिसचे काम कागदावर उतरले आणि हरिपंतांचे उतरले नाही. टिपूला पुढे कोणी बुडवायला निघाले तर पुणे काय करील, हे कुठेच लिहिले गेले नाही.

तटस्थतेची खरी परीक्षा झाली ती तीन वर्षांनी, खर्ड्याला. जामखेड तालुक्यातले हे गाव. चौथाईच्या थकलेल्या रकमांवरून पुणे आणि हैदराबाद यांचे फाटले. निजामाने कंपनीकडे मदत मागितली; १७९० च्या तहाने आपण तिघे बांधलेले आहोत, असे त्याचे म्हणणे. गव्हर्नर जनरल होता सर जॉन शोअर. त्याने हिशेब केला तो असा: तह तिघांचा होता, तिघांपैकी दोघे आपसात लढले तर तिसऱ्यावर काही बंधन येत नाही; संसदेच्या कायद्याने मुलूख वाढवण्याच्या लढायांना मनाई केली आहे; आणि मराठ्यांशी युद्ध झेपणारे नाही. निजामाच्या पदरी असलेल्या कंपनीच्या दोन पलटणींनासुद्धा मराठ्यांविरुद्ध उतरू दिले नाही. ११ मार्च १७९५ ला निजामअली हरला. तीन कोटींच्या घरात रक्कम, दौलताबादसह मुलूख, आणि त्याचा दिवाण मुशीर-उल-मुल्क मराठ्यांच्या हवाली.

शोअरचा युक्तिवाद कायद्याच्या अंगाने बिनतोड होता. तरी जॉन माल्कमसारख्या पुढच्या इंग्रज लेखकांनी त्याच्यावर सडकून टीका केली. त्यांचा रोख साम्राज्य वाढवण्याचा होता, तो सोडला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. संकटात एकटा सोडलेला निजाम चिडून कंपनीच्या पलटणी परत पाठवायला निघाला आणि रेमंड या फ्रेंच सेनानीची फौज त्याने वाढवत नेली. ती चौदा हजारांच्या आसपास गेली. १७९८ मध्ये नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली याने याच भीतीचा उपयोग करून निजामाला तैनाती फौजेत जखडले आणि ऑक्टोबरात रेमंडची फौज निःशस्त्र केली. शोअरच्या तटस्थतेतून शांतता आली नाही. दुसऱ्याच कोणाला आत शिरायला जागा मिळाली, आणि मग ती जागा बुजवण्यासाठी पहिल्यापेक्षा कडक बंधन आले.

माझ्या मते शोअरचा दोष तटस्थ राहण्यात नाही. आपण तटस्थ राहणार हे त्याने निजामाला वेळीच सांगायला हवे होते, आणि तटस्थ राहायचेच होते तर लढाईआधी चौथाईच्या हिशेबात मध्यस्थी करायची ताकद त्याच्याकडे होती. दोन्ही बाजूंना त्याची गरज होती. त्याने नुसते हात मागे घेतले. बलाढ्याने हात मागे घेणे हीसुद्धा एक कृती असते, आणि तिचे परिणाम दुर्बलावर होतात.

आपल्या बाजूनेही असेच घडले. १७९९ मध्ये वेलस्ली टिपूवर निघाला तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने कंपनीला फौज पाठवतो म्हणून कळवले आणि टिपूच्या वकिलांनाही पुण्यात ठेवून घेतले. फौज गेली नाही, मध्यस्थीही झाली नाही. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडले. नंतर वेलस्लीने मुलखाचा वाटा देऊ केला तोही अटींसह. बाजीरावाने तो नाकारला आणि तो इंग्रज-निजामांनी वाटून घेतला. राहिलेल्या म्हैसूरवर पाच वर्षांच्या कृष्णराज वाडियारला बसवले गेले. त्या घराण्याला कंपनीचा मित्र असण्याचे काय मिळाले? १८३१ मध्ये कारभार काढून घेतला गेला आणि तो परत मिळायला १८८१ उजाडले. ज्या चामराजेंद्र वाडियारांना तो मिळाला, त्यांच्या नावाने १८९२ मध्ये किल्ल्याशेजारी चामराजपेट वसली.

पण या सगळ्या कहाणीतला मला सर्वांत भयंकर वाटणारा भाग मध्यस्थीचाच आहे. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. बाजीराव पळाला. यशवंतरावांना पेशवाई मोडायची नव्हती. त्यांनी रेसिडेंट क्लोजकडेच मध्यस्थीची मागणी केली. कंपनीला तटस्थ पंच होण्याची इतकी सरळ संधी पुन्हा आली नाही. तिने दुसरा रस्ता धरला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला बाजीरावाशी तह केला. तैनाती फौजेची चर्चा पुष्कळ होते. त्या तहातल्या पंचाईच्या कलमांकडे आपले लक्ष कमी जाते. निजामाशी आणि गायकवाडांशी पेशव्यांचे जे वाद असतील, ते कंपनी सांगेल तसे मिटवायचे, असे बाजीरावाने लिहून दिले. पाठीराखा आणि पंच एकच झाला, आणि त्याला मुदत नव्हती.

त्या कलमाचे पुढे काय झाले ते पंढरपुरात दिसले. गायकवाडांकडील थकबाकीचा हिशेब सोडवायला बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पुण्यात आले. २० जुलै १८१५ ला, आषाढाच्या वारीत, विठ्ठलाच्या दर्शनाहून परतताना त्यांचा खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टनने बाजीरावाचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांना ताब्यात मागितले. हमी कंपनीची, म्हणून अपमानही कंपनीचा, आणि अपमानाची भरपाई पेशव्यांच्या राज्यातून. १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांचा मराठा मंडळाच्या प्रमुखपदावरचा हक्कच काढून घेतला. वर्षभरात पेशवाई गेली. थकबाकीचा एक हिशेब होता. पंचाकडे कायमचा गेल्यामुळे त्याने राज्य खाल्ले.

जगात इतरत्र हेच मोजमाप लावून पाहता येते. ताश्कंदला जानेवारी १९६६ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन भारत-पाकिस्तानच्या मधे बसले. काश्मीरवर आपल्या बाजूने नकाराधिकार वापरलेल्या सोव्हिएत संघाने तिथे भारताला हाजीपीर खिंड सोडायला लावली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण त्या वाटाघाटींना हजर होते. मित्राला आवरणारा मध्यस्थ म्हणून कोसिगिन यशस्वी ठरले, आणि हाजीपीरचे दुःख आपल्याकडे अजून बोलले जाते. पाचच वर्षांनी, ९ ऑगस्ट १९७१ च्या करारानंतर, तोच देश आपला पाठीराखा होता आणि त्याने मध्यस्थीचा आव आणला नाही. दोन्ही वेळी त्याची भूमिका आधी स्पष्ट होती, म्हणून दोन्ही वेळी ती चालली. कॅम्प डेव्हिडला सप्टेंबर १९७८ मध्ये कार्टर तेरा दिवस बसले. अमेरिका इस्रायलची पाठीराखी हे इजिप्तच्या सादातना ठाऊक होतेच. त्यासाठीच ते आले होते. सिनाईतल्या वसाहती सोडण्याचा प्रश्न इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांनी संसदेपुढे न्यायचे मान्य केले, ते त्यांच्या सर्वांत मोठ्या मित्राने सांगितले म्हणून. पॅलेस्टिनी प्रश्नावर असा आवर घातला गेला नाही आणि तो तसाच लोंबकळत राहिला.

श्रीलंकेत आपण स्वतः वेलस्लीच्या जागी गेलो, हे लिहिताना जड जाते. आधी तमिळ तरुणांना शस्त्रे आणि शिक्षण दिले, मग १९८५ मध्ये थिंफूला मध्यस्थी केली, मग २९ जुलै १९८७ च्या कराराचे हमीदार झालो, आणि शेवटी ज्यांना शिकवले त्यांच्याशीच लढलो. सुमारे बाराशे भारतीय जवान तिथे पडले. राजीव गांधींच्या खुन्यांतला शिवरासन ऑगस्ट १९९१ मध्ये मेला तो याच बेंगळूरच्या कोणनकुंटे भागात, पोलिसांनी वेढा घातला तेव्हा. पाठीराखा, पंच आणि हमीदार या तिन्ही भूमिका एकाने आळीपाळीने केल्या की त्यातली एकही विश्वासाची राहत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मित्र उघडच अन्यायात असेल तर त्याला आवरत बसण्यात वेळ जातो, आणि ज्याच्यावर अन्याय होतो तो मधल्या काळात मरतो. अशा वेळी बाजू घेणेच योग्य, १९७१ मध्ये घेतली तशी. मी हे मान्य करतो. पण तेव्हा मध्यस्थीचे नाव घेऊ नये.

आपल्याकडे या बाबतीत एक चांगला कागद आहे. १९ सप्टेंबर १९६० च्या सिंधू जलकराराची मध्यस्थी जागतिक बँकेने जवळजवळ नऊ वर्षे केली. तीन पूर्वेकडच्या नद्या आपल्या, तीन पश्चिमेकडच्या मुख्यतः पाकिस्तानच्या, आणि कालव्यांसाठी पैसा उभा करण्याची जबाबदारी बँकेने अंगावर घेतली. वाद झाला तर तटस्थ तज्ज्ञ कोणी नेमायचा, लवादाची वेळ कधी येते, बँकेचा संबंध कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कलमाकलमाने लिहिले गेले. वसईच्या तहात जे नव्हते ते या कराराच्या जोडपत्रांत आहे. म्हणून तो १९६५, १९७१ आणि १९९९ अशा तीन लढायांतून टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित ठेवला, आणि मे महिन्यातल्या चकमकींनंतर ‘मी मध्यस्थी केली’ असे अमेरिकेचे अध्यक्ष सांगू लागले, तेव्हा दिल्लीने १९७२ च्या सिमला कराराचा आधार घेऊन द्विपक्षीय बोलणीच चालतील असे उत्तर दिले. ते उत्तर बरोबर आहे असे मला वाटते. पुढे करार पुन्हा लिहायची वेळ आली, तर मधे कोण बसणार यापेक्षा त्याने कोणत्या कलमावर उठून जायचे, हे आपल्या माणसांनी आधी लिहून घ्यावे.